बत्ताशांच्या चाकांची मोटार

आमच्या दिवाकरनं, म्हणजे माझ्या नणंदेच्या नातवानं, मागच्या आठवड्यात परदेशी गाडी घेतली आणि मला दाखवायला घरी आणली. पेढ्यांचा डबा हातात ठेवून म्हणतो, "आजी, छापील किमतीवर दोन लाख वरचे मोजले, तेव्हा कुठं मिळाली. लोक सहा-सहा महिने वाट पाहून राहिले आहेत!" आणि हे सांगताना छाती अशी फुगलेली! मी म्हटलं, मेल्या, लुबाडला गेलास आणि वरून पेढे वाटून राहिलास? तर हसला. म्हणाला, "तुमच्या काळी असं नव्हतं ना, आजी. तुम्हाला नाही कळायचं."

माझं डोकंच फिरलं. नव्हतं काय, बाप्पा! सगळं होतं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस होतं, आमच्या जबलपुरात गोरे साहेब होते, आणि सदर बाजारात श्यामसुंदर शेठचं मोटारींचं दुकान होतं. काचेमागे पुठ्ठ्यावर किंमत लिहिलेली असायची, आणि त्या किमतीला कोणालाही गाडी मिळायची नाही. दिवाकरला बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चहा गार झाला, होऊ दे.

लढाई संपून वर्ष झालं होतं. मी सतरा वर्षांची होते. आम्ही घमापुरात राहायचो. माझे वडील विष्णुपंत वकील, सगळे त्यांना अप्पा म्हणत. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही.

अप्पांचं एक होतं. लिहिलेल्या भावापेक्षा एक पैसा जास्त द्यायचे नाहीत आणि एक पैसा कमीही करायचे नाहीत. टांग्याचे म्युनिसिपालिटीचे दर त्यांना तोंडपाठ. आई बाजारात वांग्यांचा भाव पाडायला लागली की हे लाजेनं चार पावलं पुढे जाऊन उभे राहायचे. आई म्हणायची, "हरिश्चंद्राच्या घरी नांदून राहिले मी. तारामतीचे हाल कोणी विचारले काय?"

त्या वर्षी अप्पा दारांच्या चौकटींना धडकायला लागले. पाटाशेजारी ठेवलेला पाण्याचा गडू त्यांना दिसायचा नाही, समोर धरला की दिसायचा. नागपूरला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. दिसणं कडेकडेनं जाईल, मग नळीतून पाहिल्यासारखं फक्त समोरचं दिसेल, मग तेही नाही. मुदत किती, तर वर्ष, फार तर दीड वर्ष. परत येताना रेल्वेत अप्पा खिडकीबाहेर पाहत बसले. जबलपूर स्टेशनवर उतरल्यावर म्हणाले, "मला मोटार घ्यायची आहे."

का, ते आम्हाला ठाऊक होतं. शिवनीच्या कोर्टात त्यांची कामं असायची. वीस वर्षं ते त्या रस्त्यानं मोटर सर्व्हिसच्या गाडीतून गेले, मांडीवर कागदांचं गाठोडं आणि दोन्ही बाजूंनी माणसं दाबलेली. फाल्गुनात त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पळस फुलतो. एकदा त्यांनी ड्रायव्हरला म्हटलं होतं, भैया, दोन मिनिटं थांबव, पळस पाहू दे. सगळी गाडी हसली होती. ड्रायव्हर म्हणाला, "वकीलसाब, फूल देखना है तो अपनी गाड़ी ले लो." अप्पा ते कधी विसरले नाहीत. हसत सांगायचे, पण लागलेलं होतं.

मी म्हटलं, अप्पा, एक दिवस भाड्यानं घेऊ. तर म्हणाले, "भाड्याचा ड्रायव्हर घड्याळ पाहतो." बरं, अमेरिकन फौजेच्या जुन्या जीपगाड्या ढिगानं विकायला होत्या, ती घ्या. "जीप म्हणजे इंजिन लावलेलं बैलाचं खाचर." त्यांना ब्यूकच हवी होती. एका अशिलाच्या ब्यूकमधून ते एकदा गेले होते, तिची समोरची काच रुंद आणि खिडक्या मोठ्या. "डोळे लहान होऊन राहिले आहेत, इंदू. काच तरी मोठी असू दे."  

त्यांनी गढा भागातली जागा विकून पैसे उभे केले आणि शेठच्या यादीत नाव लिहिलं. नंबर नववा.

मुंबईहून रेल्वेनं दोन-दोन गाड्या यायच्या. अप्पा दर शनिवारी सदरला जायचे, काचेसमोर उभे राहायचे आणि परत यायचे. पहिल्या दोन गाड्या एका ठेकेदाराकडे गेल्या. मग एक बिडीवाल्याकडे. मग एक जमीनदाराकडे, आणि त्याचं नाव तर यादीत नव्हतंच. दसरा गेला, दिवाळी गेली. तोवर अप्पांना ताटातली डावीकडची कोशिंबीर दिसेनाशी झाली होती. आई गुपचूप वाटी सरकवून समोर ठेवायची.

पौषात अप्पा एकदा सदरहून खुशीत आले. पगडी काढता काढता म्हणाले, "अगं, ऐकलंस का? शेठ आज फार प्रेमानं बोलले. म्हणाले, वकीलसाहब, बिटिया का ब्याह है, जिन्हें गाड़ी की जल्दी है वे आशीर्वाद दे जाते हैं, आप तो समझदार हैं. आपणही जायला हवं. सज्जन माणूस आहे."

मी कपाळाला हात लावला. बड्याबड्या साक्षीदारांना कोर्टात घाम फोडणारा माणूस, आणि हे कळू नये! माझ्या वर्गातल्या विनताच्या वडिलांनी दोन महिन्यांपूर्वीच आशीर्वाद दिला होता. तीन हजार, पाकिटात घालून. किमतीवर सरकारची नजर होती, म्हणून शेठ वरचे पैसे मुलीच्या लग्नाच्या नावानं घ्यायचा. वर्षभर त्या पोरीचं लग्न चालूच होतं. सदरमध्ये पानवालेसुद्धा विनोद करायचे, शेठ की बिटिया का ब्याह हर महीने.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. "आई, अगं ते लग्नबिग्न काही नाही! आशीर्वाद म्हणजे तीन हजार रुपये!"

आईनं तव्यावरची पोळी उलटली. "मला काय कुकुलं बाळ समजतेस? अख्खं घमापूर हसून राहिलंय."

"मग अप्पांना सांग ना!"

"सांगते. मग काय करतील तुझे अप्पा? एक तर यादीतून नाव काढून घेतील, नाहीतर फिर्याद ठोकतील. दोन्हीत फाल्गुन निघून जाईल. आणि पुढच्या फाल्गुनात..."  पोळी करपली.

"मग आपण गुपचूप देऊ. तुझ्या पाटल्या..."

"पाटल्या मोडायला मी मागंपुढं पाहिलं असतं होय गं? पण उद्या त्यांना कळलं, की वर पैसे देऊन आणली, तर त्या गाडीत पाय ठेवतील काय ते?"

नसता ठेवला. मला माहीत होतं.

आईनं तवा उतरवला आणि पदराला हात पुसले. तिच्या डोळ्यांत मला ती चमक दिसली, भाजीवाल्याला चार आण्यांवरून दोन आण्यांवर आणतानाची. "तो लग्न म्हणाला ना? मग मी लग्नच धरते. पोर बिनआईची आहे म्हणतात. रुखवत कोण करणार तिचं? मी करते. भरल्या दुकानातून, गिऱ्हाइकांच्या देखत, ताटं घेऊन आत जाते. कशी मान वर करतो ते पाहू दे मला."

काय सांगू, त्या बाईनं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं! चिरोटे झाले, अनारसे झाले, साटोऱ्या झाल्या. सुपाऱ्यांना कपडे घालून नवरा-नवरी झाले. खोबऱ्याच्या वाट्या कोरून दिवे झाले. अप्पा कौतुकानं खुर्चीत बसून पाहायचे. म्हणायचे, "लोक नुसतं पाकीट देतात, पण तुझ्यासारखं कोणी करत नाही." आई माझ्याकडे पाहायची आणि मी ओठ चावून हसू दाबायची. मला तर भारी मजा वाटून राहिली होती. मी माझ्या हातानं एक मोटार केली. साखरेच्या पाकात पुठ्ठा मढवला, चार मोठे बत्तासे चाकं म्हणून लावले आणि ते सुपारीचे नवरा-नवरी आत बसवले. काळी ब्यूक पांढरी झाली, पण दिवे-बिवे सगळे होते. शेठला ही बरोबर टोचेल म्हणून मी खूष होते.

एका मंगळवारी भर दुपारी आम्ही दोन टांग्यांत पाच ताटं घेऊन सदरला उतरलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी वळून पाहायला लागली. आईनं मोठ्यानं विचारलं, "शेठजी कहाँ है? लडकी के लगीन का सामान लाई मैं." एक जण खोकला. एक जण तोंडावर रुमाल धरून हसला. दुकानातला जुना मिस्त्री नथ्थू कसनुसा होऊन म्हणाला, शेठजी मालधक्क्यावर गेले आहेत, तुम्ही आत चला.

शेठचं घर दुकानाच्या मागेच होतं. आतल्या ओसरीवर एक मुलगी बसली होती, तेवीस-चोवीस वर्षांची. शेठची ती बिटिया, अंजनी. हाताला ग्रीस लागलेलं, मांडीवर मोटारीचा कुठलासा भाग आणि चिंधी. ती उठून उभी राहिली. आम्ही ताटांवरचे रुमाल काढले. ती एकेक ताट पाहत गेली आणि माझ्या मोटारीपाशी थांबली.

"ये किसके लिए है, माँजी?"

"तुम्हारे लिए, बेटी. ब्याह का रुखवत."

"मेरा ब्याह?" ती म्हणाली. "किससे?"

आई हातातला रुमाल पुन्हा ताटावर घालायला लागली. 

अंजनीनं हात चिंधीला पुसले. रडली नाही, ओरडली नाही. जशी कोणी पाहुण्यांना घरची माहिती सांगते तसं सांगितलं. "एक बार सचमुच लड़केवाले आए थे. सागर से. मुझे पसंद भी किया. फिर बाज़ार में किसीने उनसे कह दिया कि इस लड़की का ब्याह तो हर महीने होता है. वो शाम की गाड़ी से लौट गए." मग माझी मोटार तिनं दोन्ही हातांनी उचलली. "माँ के जाने के बाद मेरे लिए किसीने कुछ बनाया नहीं. ये बहुत सुंदर है."

दिवाकरला म्हटलं, मी आज शहात्तर वर्षांची आहे. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. आठ दिवस मी त्या बत्ताशांवर हसले होते. आम्ही बापाची मान खाली घालायला गेलो होतो, आणि पोरीचा विचार आम्हा दोघींपैकी एकीलाही शिवला नव्हता. पानवाले हसायचे तसंच आम्हीही हसलो, फक्त ताटं सजवून हसलो.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हिंदीबिंदी विसरून ती मराठीतच म्हणाली, "चुकले गं बाई मी. फार चुकले. मला तुझ्या बापाला दाखवायचं होतं गं, तुला नाही."

"समझती हूँ, माँजी. मराठी समझती हूँ मैं," अंजनी म्हणाली.

आईनं तिला जवळ घेतलं, तशीच, ग्रीसच्या हातांसकट. कुंकू लावलं, हातावर खण आणि नारळ ठेवला. आणि नेमके तेव्हाच श्यामसुंदर शेठ दारात येऊन उभे राहिले. गोरा, जाड माणूस, हातात मालधक्क्याच्या पावत्या. ताटं पाहिली, आईला पाहिलं, मुलीच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं.

अंजनी शांतपणे म्हणाली, "बाबूजी, आपके ग्राहक मेरे ब्याह का सामान लाए हैं. रख लूँ?"

त्यांच्या हातातल्या पावत्या खाली पडल्या, त्या त्यांनी उचलल्यासुद्धा नाहीत. आम्ही निघालो तेव्हाही ते तसेच उभे होते. आईला हवी होती ती मान खाली गेली होती, पण तिनं तिकडे पाहिलंही नाही.

घरी अप्पांनी विचारलं, "आवडलं का मुलीला?" आई म्हणाली, "हो. फार आवडलं." आणि माजघरात जाऊन बसली. पुढचे पंधरा दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. गाडीचं नाव कोणी काढलं नाही. अप्पांनी शनिवारी सदरला जाणं सोडलं होतं, कारण आता रस्ता ओलांडताना बाजूनं येणारा टांगा त्यांना दिसत नव्हता. माघ संपला.

फाल्गुन लागला आणि एका सकाळी आमच्या घमापूरच्या गल्लीत, जिथं दोन सायकलीसुद्धा एकमेकींना वाट देत नाहीत, एक काळी ब्यूक शिरली. पोरं मागे, कुत्री मागे. चालवत होती अंजनी, आणि शेजारी नथ्थू मिस्त्री जीव मुठीत धरून बसला होता.

ती अप्पांच्या पाया पडली आणि पावती पुढे केली. अप्पांनी कागद नाकाशी धरला आणि सावकाश वाचला. छापील किंमत, वर एक पैसा नाही. तरी वकीलच ते. विचारलं, "माझा नंबर नववा होता. आधीच्या आठ जणांचं काय?"

"वो आठ तो कब के ले गए, वकीलसाहब," अंजनी म्हणाली. "महीनों से लिस्ट में पहला नाम आपका ही था. ये मेहरबानी नहीं है."

आईला तिनं आत येऊन हळूच सांगितलं, की बाबूजी तीन दिवस जेवले नाहीत, चौथ्या दिवशी दुकानाच्या किल्ल्या तिच्यासमोर ठेवल्या. आता यादी तीच पाहते. "और वो मोटर?" मी विचारलं. तर पहिल्यांदा हसली. "चींटियाँ खा गईं. दो पहिये मैंने खाए."

होळीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. आईनं अंजनीलाही बोलावलं होतं. अप्पांना स्वतः चालवायची होती, लायसन होतं त्यांचं. पण घरातून निघताना ते आपल्याच गाडीच्या उघड्या दाराला धडकले. किल्ली त्यांनी अंजनीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी बसले. आई आणि मी मागे.

तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडली. आईनं नमस्कार करून पाण्यात पैसा टाकला. पुढं चढ लागला, जंगल लागलं आणि मग पळस सुरू झाला. काय फुलला होता त्या साली! पान एक नाही, नुसतं केशरी. आई एकदम म्हणाली, "अहो, पाहिलंत का?"

"वा! वा!" अप्पा म्हणाले. "सुंदर!"

आम्ही जात राहिलो. पळस संपला, उघडी शेतं लागली, एक विहीर गेली. आणि अप्पा मान डोलवत म्हणाले, "वा! काय फुललाय!"

मी आईकडे पाहिलं. आईनं तोंडावर पदर धरला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पळस होता रस्त्याच्या दोन्ही कडांना, आणि अप्पांना कडा उरल्याच नव्हत्या. त्यांना त्या रुंद काचेतून फक्त समोरचा पांढरा रस्ता दिसत होता. मान वळवली तर गाडी पुढं निघून जायची, जे दिसायचं ते दिसेपर्यंत मागं पडायचं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हातारा वा-वा करत होता. मला वाटलं, झालं. उशीर झाला. सगळं फुकट गेलं.

 पुढं पुन्हा पळस दाट झाला तिथं अंजनीनं गाडी थांबवली. मग मागं घेतली, पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली, आणि ती भली मोठी ब्यूक तिनं रस्त्यावर आडवी लावली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. गाडीचं तोंड थेट जंगलाकडे. तिनं इंजिन बंद केलं.

"वकीलसाहब," ती म्हणाली, "अब सामने देखिए."

अप्पांनी समोर पाहिलं. रुंद काच भरून पळस होता.

ते वा म्हणाले नाहीत.  दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहत राहिले. धोतरावर टपटप पाणी पडत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

बाजूनं भोंगा वाजला. शिवनीहून येणारी मोटर सर्व्हिसची गाडी धुरळा उडवत आली आणि आमच्या आडव्या गाडीपाशी करकचून थांबली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या द्यायला लागला. अंजनी खाली उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "साहब पलाश देख रहे हैं. रुको."

ड्रायव्हरनं काचेतून अप्पांकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं. एकेक करून माणसं खाली उतरली, आधी कुरकुरत, मग अप्पा पाहत होते तिकडे पाहत उभी राहिली. कोणी हसलं नाही.

अप्पांनी मान न वळवता मागे हात केला. आईनं तो धरला.

"अगं," अप्पा म्हणाले, "मोटर सर्व्हिस थांबली का?"

"हो," आई म्हणाली. "थांबली."